एकाचा फरक

भिवपुरी
८ जून २०२५

चि. राजेश,

आशीर्वाद आहेतच. पत्र हातानेच लिहितोय. ग्रामपंचायतीत दाखले काढून देते ती नम्रता, कोंडाजीची सून, याचे फोटो काढून तुला पाठवेल आणि तुझं उत्तर छापून मला आणून देईल. फोनवर बोलायचा हट्ट तू आता सोड. एकतीस वर्षं टर्बाइनशेजारी ड्यूटी केलेल्या माणसापुढे तू तिकडे आइंडहोवनमध्ये बसून कितीही ओरडलास तरी मला फक्त तुझं तोंड हलताना दिसतं, तेही अडकत अडकत. कानातलं यंत्र डब्यात आहे. लावलं की पंखा ऐकू येतो, माणूस नाही.

तू आईच्या वर्षश्राद्धाला आलास आणि जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेलास, तेव्हा मी ‘कशाला हे लचांड’ म्हणालो होतो. शब्द मागे घेतो. तुझ्या आईला, जयवंताला, लिहिता येत नव्हतं म्हणून ती तीन वर्षं तुला फोनात बोलून निरोप पाठवत राहिली. मला ते ऐकू येणार नाहीत म्हणून तू एकेक ऐकून टाइप केलास. एवढी चिकाटी तुझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. शाळेत तर नव्हती.

मी आठवड्याला दोन वाचतो. बुधवारी एक, रविवारी एक. आज बत्तिसावा झाला. या गतीने अजून पावणेदोन वर्षं पुरतील. घाई केली तर संपतील आणि मग काय करायचं?

तुला खरं सांगू का, ती हे सगळं ओटीवर माझ्या शेजारी बसून बोलायची. मला वाटायचं पोराला पावसापाण्याचं सांगते आहे. मी आपला मान हलवायचो. आता बारावा निरोप वाचतो तर काय: “तुजा बापूस हितंच बसलाय. मी त्याचंच गाऱ्हानं सांगते नि तो हसतो. त्याला वाटतं मी वांग्याचं बोलते.” अरे देवा! आणि पंचविसाव्यात म्हणते की मी केलेला चहा ती तुळशीत ओतायची. चार वर्षं! तरीच ती तुळस तशी झाली. मला तिच्याशी कडाडून भांडायचंय आणि ती नाही. हे फार जिवाला लागतं बघ.

आता दोन शंका. पहिली: यादीत निरोप दोनशे चौदा आहेत. डाव्या कडेला एक निळा गोल आहे, त्यात आकडा दोनशे तेरा. एकाचा फरक का? मला असा फरक दिसला की जेवण जात नाही, तुला माहीत आहे.

दुसरी: वाचताना माझं बोट लागून तिचं काही बिघडलं तर? आमच्या लॉगबुकात खोडरबर चालत नव्हतं. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी सही, आणि खालचं वाचता आलंच पाहिजे. इथे तशी काही सोय आहे का?

सूनबाई माधवीला सांग, खालापूरहून तिचे वडील आंबे देऊन गेले. तुला नवी नोकरी लागली हे बरं झालं.

तुझा,
बाबा

————

आइंडहोवन
१० जून २०२५

बाबा, नमस्कार.

पत्र ऑफिसात उघडलं आणि तुळशीच्या ओळीपाशी येऊन मोठ्याने हसलो. शेजारची बाई बघायला लागली. तिला काय सांगणार.

तुमच्या शंका. तो गोल म्हणजे ज्या पानांत बदल झालेत पण त्या बदलांची पक्की नोंद करायची राहिली आहे, अशा पानांचा आकडा. मी तसंच सोडून आलो, आळस. एकदा सगळं तपासून मग नोंद करू म्हटलं आणि निघायची वेळ झाली. डिसेंबरात येईन तेव्हा करून टाकेन. एकाच्या फरकाचं काही नाही, ते सोडून द्या.

बोट लागेल म्हणून तर अजिबात घाबरू नका. आम्ही प्रोग्रॅम लिहिणारी माणसं रोज चुका करतो, म्हणून हे सॉफ्टवेअर बनवलंच तसं आहे. चुकून काही झालं तरी पान पक्क्या नोंदीतल्या मूळ रूपात परत आणता येतं. डावीकडे, नावासमोर, मागे वळलेल्या बाणाचं एक छोटं बटण असतं. नम्रताताईला दाखवा, ती शोधून देईल.

खुशाल वाचा. फक्त शेवटचा आधी उघडू नका. क्रमाने जा.

नव्या नोकरीत पहिले सहा महिने सुट्टी नाही, म्हणून डिसेंबर. माधवी मजेत आहे, तिकडच्या आंब्यांचं नाव काढू नका म्हणते.

राजेश

————

भिवपुरी
२९ जून २०२५

चि. राजेश,

तुझं पत्र वेळेवर आलं म्हणून आज मोठा घोटाळा निस्तरता आला. सविस्तर सांगतो.

आज रविवार, अडतिसावा निरोप. वाचता वाचता असं हसू फुटलं की हात तसाच कीबोर्डवर राहिला. बघतो तर तिच्या बोलण्याच्या मध्ये क क क अशी आगगाडी लागलेली! माझ्या तोंडचं पाणी पळालं. गडबडीत सेव्हचं बटण दाबलं, म्हणजे ती आगगाडी पक्कीच झाली. तसाच छत्री घेऊन नम्रताकडे. ती बिचारी हातातलं काम टाकून आली. तिने तुझं पत्र वाचलं, वळलेला बाण शोधला. म्हणाली, “काका, नावासमोर हा एम दिसतो ना, म्हणजे या पानात बदल झालाय. हा बाण दाबला की मूळ येईल. दाबायचं तुमचं तुम्ही बघा, मी नाय हात लावत.” आणि गेली. घरचं काम खोळंबलं होतं.

मी दाबणार, एवढ्यात लक्ष गेलं. एम फक्त अडतिसासमोर नव्हता. पहिल्यापासून खालपर्यंत सगळ्यांसमोर! दोनशे तेरा. तूच लिहिलंस, बदल झालेली पानं, नोंद नसलेली. हे वाचताना माझ्या ध्यानात का आलं नाही? नोंद नसलेला बदल म्हणजे काय ते मला सांगायला नको. शिफ्ट घेताना रजिस्टरात सही नसलेला फेरफार दिसला तर तो धरायचा नाही, मूळ आकडा धरायचा. हा नियम मी पोरांना शिकवलाय.  म्हणजे इतके दिवस मी वाचतोय त्यात कुणाकुणाची बोटं लागलीत? माझीच असणार. लॅपटॉप ओटीवर उघडा असतो. पुसताना फडकं फिरवतो मी त्याच्यावर.

तिचा एक शब्द इकडचा तिकडे झालेला मला चालणार नाही. म्हणून एकेक न करता वरचा मोठा बाण दाबला, सगळ्यांचा. एक इंग्रजी पाटी आली की दोनशे तेरा पानांतले बदल काढतोय, पुन्हा मागे फिरता येणार नाही, नक्की का. आमच्या मोठ्या स्विचवर असल्याच पाट्या असायच्या. ज्याच्याकडे चार्ज त्याने जबाबदारी घ्यायची. मी देवाचं नाव घेतलं आणि दाबलं.

गोल गेला. सगळे एम गेले. एकदम स्वच्छ. तुझ्या आईचं बोलणं आता जसंच्या तसं मूळचं आहे, कुणाचा हात न लागलेलं. खरंच फार बरं वाटलं.

एवढंच की पान उघडलं तर वर नंबर, तारीख आणि किती सेकंद, इतकंच दिसतं. लिहिलेलं कुठेतरी खाली सरकलंय बहुतेक. वर कसं आणायचं ते कळव. आजचा निरोप अर्धाच झालाय.

बाबा

————

आइंडहोवन
३० जून २०२५

बाबा,

आता कशालाही हात लावू नका. लॅपटॉप बंद करा आणि बंदच ठेवा. मी बघतो. सविस्तर नंतर लिहितो.

राजेश

————

भिवपुरी
२० जुलै २०२५

चि. राजेश,

तीन आठवडे झाले. नम्रता सांगत होती की तिने लॅपटॉप कचेरीत नेला होता आणि तू तिकडून त्यात शिरून दोन दिवस काहीतरी शोधत होतास. काय शोधत होतास ते ती सांगत नाही. डोळे चुकवते. माझं ऐकायचं काम डोळे करतात, त्यामुळे डोळे चुकवलेले मला लगेच कळतात.

लॅपटॉप परत आला. बंद ठेव म्हणालास, पण रविवारी मला राहवत नाही. उघडतो, एक पान वाचतो आणि बंद करतो. क्र. ३९, १७ मार्च २०२२, ५२ सेकंद. वाचलं. बुधवारी क्र. ४०, ३१ सेकंद. तेही वाचलं.

मी काही चुकीचं केलं का? केलं असेल तर सांगून टाक. सत्तरी उलटलेल्या माणसाला फुंकर घालत बसू नकोस.

बाबा

————

आइंडहोवन
२७ जुलै २०२५

बाबा, नमस्कार.

उशीर झाला, माफ करा. तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. लॅपटॉप जुना झालाय, त्यामुळे थोडा मजकूर इकडेतिकडे गेला. मी दुरून तपासला. बराचसा सापडतोय. हळूहळू पाठवत जाईन, तुमचे आठवड्याचे दोन चुकणार नाहीत. नम्रताताई छापून देईल.

हा घ्या तुमचा अर्धा राहिलेला, तुमच्या आगगाडीसकट:

क्र. ३८. १३ मार्च २०२२. ४४ सेकंद.
“राजेश, कारल्याचा वेल चडला बघ पार पत्र्यावर. तुज्या बापसाचं काय सांगू? मी बोलाया लागले का माज्या तोंडाकडं टक लावून बसतो. इतकी वर्सं झाली, जरा दुसरीकडं बघ म्हनावं की! मंग मी मुद्दाम तोंड फिरवून बसते. का हा उटतो कककककककककक नि वळसा घालून ह्या अंगाला येतो. परत माजं तोंड बघत बसतो. चाललाय खेळ आमचा. आला बघ, आता बी आला. ठेवते रं.”

आणि पुढचे सापडले ते दोन:

क्र. ४१. २४ मार्च २०२२. ३६ सेकंद.
“राजेश, कसा हायस? जेवतोस ना वेळेवर? इथं सगळं बरं हाय. तुजी लय आठवन येते. तिथं थंडी आसंल, अंगावर गरम कापडं घाल. माधवीला जप. आमची काळजी करू नको. ठेवते रं.”

क्र. ६१. ९ जुलै २०२२. ८ सेकंद.
“राजेश, आज लावनी झाली. तुजे बाबा दिवसभर माज्यासोबत व्हते. ते बोलत नाय पन मनानं लय चांगले हायत. मी असले नसले तरी त्यांना जप. त्यांच्यावर कदी रागावू नको. त्यांनी आपल्यासाटी लय केलं. ठेवते रं.”

बाकीचे येतील. तब्येतीला जपा.

राजेश

————

भिवपुरी
६ ऑगस्ट २०२५

राजेश,

अडतिसावा तिचा आहे. तो मी किती वेळा वाचला ते विचारू नकोस. बाकीचे दोन तुझे आहेत.

आता चिडू नकोस, ऐक. एकसष्टावर आठ सेकंद लिहिलंय. मी घड्याळ समोर ठेवून वाचून पाहिलं. घाईने वाचलं तरी वीस सेकंद होतात. आठ सेकंदांत एवढं माझ्याच्याने होत नाही, आणि तुझी आई तर बोलताना पदर सारखा करायलाच पाच घ्यायची. मग माझी वही काढली. रिटायर झाल्यापासून घरचं लॉगबुक ठेवतो, तू हसायचास त्याला. ९ जुलै २०२२: ‘जयवंताची दाढ काढली, कर्जत. तोंडात कापूस. दिवसभर बोलणं नाही. संध्याकाळी फोनात जेमतेम एक शब्द.’ लावणी त्याच्या पुढच्या आठवड्यात झाली आणि मी बांधावर छत्री घेऊन उभा होतो, एवढंच माझं काम.

आणि मनाने लय चांगले? ती मला असं म्हणाली असती तर मी त्याच दिवशी तिला दवाखान्यात दाखवलं असतं.

एकेचाळिसावा तर कुणाचीही आई कुणालाही पाठवेल असा आहे.

मी शिकाऊ असतानाची गोष्ट. तासातासाला बेअरिंगचं तापमान घ्यायचं असे. एकदा डुलकी लागली, दोन तास चुकले. आधीचे आकडे बघून मी अंदाजाने दोन भरले. बरोबरच वाटत होते. कोंडाजी माझा सीनियर, त्याने पाहिलं. ओरडला नाही. त्या दोन आकड्यांवर आडवी रेघ मारायला लावली आणि शेजारी लिहायला लावलं, ‘रीडिंग घेतलेलं नाही’, आणि सही. म्हणाला, रिकामी जागा कुणाला मारत नाही, खोटा आकडा मारतो. मला तेव्हा त्याचा फार राग आला होता.

तुझ्या दोन्ही निरोपांवर मी आडवी रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. तू ते कशासाठी लिहिलंस तेही वाचता येतं. पोरा, बापाला वाचवायला तू आईच्या तोंडी शब्द घातलेस. माझा तुझ्यावर राग नाही, पण असं पुन्हा करू नकोस. मला पुढचे निरोप उघडायची भीती वाटेल.

आता सरळ सांग. मी काय पुसलं? आणि एकाचा फरक कशामुळे होता? जूनमध्ये विचारलं, तू सोडून द्या म्हणालास. माझं ते सुटलेलं नाही.

बाबा

————

आइंडहोवन
९ ऑगस्ट २०२५

बाबा,

सांगतो. मधे थांबलो तर लिहून होणार नाही, म्हणून एका दमात.

मी आधी दोनशे चौदा रिकामी पानं केली. नंबर, तारीख, सेकंद. तेवढ्याची पक्की नोंद केली. मग एकेक निरोप ऐकून त्या पानांत आईचं बोलणं भरलं. कॉम्प्युटरच्या लेखी मूळ म्हणजे ती रिकामी पानं, आणि आईचं सगळं बोलणं म्हणजे ‘बदल’. नोंद नसलेला. तुम्ही बदल काढलेत. म्हणजे आई काढलीत. तुमच्या नियमाने तुम्ही बरोबर वागलात. सही न करता चार्ज देऊन निघून गेलो तो मी, आणि वर ‘मूळ परत आणता येतं, घाबरू नका’ असं लिहिणाराही मीच.

हे काम ऑफिसच्या मशीनवर केलं होतं. नोकरी सोडताना ते परत दिलं, त्यांनी नियमाप्रमाणे पुसलं. आवाजही त्यातच होते. लॅपटॉपवर फक्त लिहिलेलं आणलं. बाबांना ऐकू येत नाही, आवाज कशाला न्यायचे, असा विचार केला मी. बाबा, हा विचार मी केला. माझा जुना फोन बदलताना मेसेज नव्यात आले नाहीत, हे आता शोधायला बसलो तेव्हा कळलं. आईचा फोन तेराव्याच्या गर्दीत गेला, तुम्हाला माहीत आहे.

अडतिसावा कसा वाचला ते सांगतो. एखादं पान तुम्ही सेव्ह केलंत की तो प्रोग्रॅम गुपचूप त्याची एक प्रत बाजूला ठेवतो. बाकीची पानं मी बाहेरून आणून ठेवलेली, त्यांची प्रत नव्हती. ज्याला तुमचं बोट लागलं आणि घाबरून तुम्ही सेव्ह केलंत, तेवढंच एक वाचलं. बाकी नीट जपून वाचलेली सगळी गेली. ते कळलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो.

तुम्ही वाचलेले पहिले सदतीस तुम्हाला आठवतील. पुढचे मला आठवतील असं वाटलं होतं. मी प्रत्येक निरोप चार चारदा ऐकलाय. पण टाइप करताना माणूस ऐकत नाही बाबा, अक्षरं शोधतो. आठवायला बसलो की तिचा सूर येतो, शब्द येत नाहीत.

आता एकाचा फरक.

दोनशे चौदाव्यात मी काही भरलंच नव्हतं. म्हणून त्याच्यासमोर एम नव्हता, म्हणून गोलात दोनशे तेरा. ११ फेब्रुवारी २०२४, ६९ सेकंद. तो आला तेव्हा रविवार असूनही मी मीटिंगमध्ये होतो. संध्याकाळी ऐकू म्हटलं. संध्याकाळी उद्या ऐकू म्हटलं. तेराला तुमच्या शेजारच्यांचा फोन आला. नंतर तो ऐकायची माझी हिंमतच झाली नाही. बाकी सगळे टाइप केले आणि तो तसाच ठेवला. तो ऐकला की आईचं बोलायचं काही शिल्लक राहणार नाही असं वाटायचं. शेवटचा आधी उघडू नका असं तुम्हाला त्याचसाठी लिहिलं होतं. डिसेंबरात तुमच्याजवळ बसून ऐकणार होतो.

तो तुम्ही पुसलेला नाही. तो कुणी ऐकलेलाच नाही. मला आता काय करायचं ते कळत नाही. डिसेंबरात येऊन मी तिथे काय करणार, तेही कळत नाही.

राजेश

————

भिवपुरी
२४ ऑगस्ट २०२५

चि. राजेश,

उत्तराला उशीर झाला. पत्र आलं त्या दिवशी ओटीवरून उठलोच नाही. नम्रताने भाकरी आणून ठेवली, ती मांजराने खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपला हात जोडले. वेड्यासारखंच, पण जोडले. दुसरं काय करणार? दोनशे तेरांवर माझा हात फिरला. कसली ही खाडाखोड, जिच्या खालचं वाचता येत नाही!

सदतीस मला आठवतील असं तू लिहिलंस. तसे आठवतात. तुळस आठवते, वांगं आठवतं. पण शब्दाला शब्द म्हणशील तर दोन-तीन ओळींपुढे जात नाही. जे शब्दाला शब्द नाही ते मी लिहिणार नाही. माझ्या दोन रेघा तुझ्यावर ओढल्यात, आता मला सूट घेता येत नाही.

तू जिन्यात बसून रडलास ते वाचून फार वाईट वाटलं. मी तिथे असतो तर नुसता शेजारी बसलो असतो. मला तेवढंच जमतं. तुझ्या आईशीही तेवढंच जमलं.

तर आता दोनशे चौदाव्याचं. वहीत ११ फेब्रुवारी काढला. ‘वीज साडेदहा ते बारा नाही. जयवंता फोनात बोलली.’ बस. पण तो दिवस मला आठवतो, कारण त्यानंतर दोनच दिवस उरले होते आणि ते मी पुष्कळदा मोजलेत. ती ओटीच्या टोकाला बसली होती. तिने तोंड फिरवलं. तिचा तो खेळच होता, अडतिसाव्यात तिने सांगितलाय तोच. त्या दिवशी माझा गुडघा धरला होता. नेहमी मी लगेच उठायचो, त्या दिवशी खांबाला धरून उठलो. चप्पल शोधली. चप्पल कशाला शोधली कोण जाणे, तीन पावलांचं अंतर. वळसा घालून तिच्या समोर जाईपर्यंत तिचं बोलणं संपत आलं होतं.

आज रविवार. घड्याळ समोर ठेवलं आणि त्या जागी एकोणसत्तर सेकंद बसलो. फार वेळ असतो रे तो. त्यात माणूस किती बोलू शकतो! मी चप्पल शोधत होतो.

दुपारी नम्रताला बोलावलं. अडतिसावा तिने छापील कागदावरून पुन्हा पानात घातला. क क क ची आगगाडी ती काढायला निघाली होती, मी काढू दिली नाही. मग दोनशे चौदावं पान उघडायला लावलं. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. गोलात दोनचा आकडा आला. पक्की नोंद कशी करतात ते तिने तिच्या भावाला विचारून ठेवलं होतं. ती केली. शेरा काय लिहू म्हणून यंत्राने विचारलं, मी माझं नाव लिहायला लावलं. गोल गेला. या वेळी मी आधी पान उघडून बघितलं. लिहिलेलं जागेवर होतं.

तू डिसेंबरात ये. येऊन काय करणार, हे विचारू नकोस. ओटीच्या दोन टोकांना दोघं बसू.

पान असं आहे:

क्र. २१४. ११ फेब्रुवारी २०२४. ६९ सेकंद.
रीडिंग घेतलेलं नाही. ज्याला ऐकू येत होतं त्याने ऐकलं नाही. जो शेजारी होता तो वेळेवर समोर पोचला नाही.
शेवटचे दोन शब्द ओठांवर प्रत्यक्ष पाहिले, तेवढे खरे: “ठेवते रं.”
सही, भिवाजी